छातीवरचा माइक

१

पाण्याचा एक थेंब लोखंडावर पडला, आणि त्याच्यामागे चार मोजेपर्यंत काहीतरी घुमत राहिलं.

हा आवाज मी ऐकला त्याला सोळा वर्षं झाली. भर दुपार होती. आमच्या गिंबाल गावातल्या समारंभाच्या हॉलमागे जास्तीच्या खुर्च्या आणि ताटं ठेवायची एक खोली आहे, तिथे मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. भिंतीपलीकडे तीनशे माणसं जेवत होती. आणि मी ऐकत होतो तो आवाज भरला गेला होता एका मोटारीत, काचा वर केलेल्या असताना. मोटारीत काही घुमत नाही. गाद्या, कापड, माणसाचं अंग, सगळं आवाज पिऊन टाकतं. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. चाळीस वर्षं कानांनीच शिकवलं.

माझं नाव एलेउतेरियो. गावात सगळे नोंग तेरियो म्हणतात, मोठ्या भावाला म्हणतात तसं. चौथीनंतर शाळेत गेलो नाही. तरुणपणी उरुसांना भोंगे लावायचो, पुढे लग्नांत आणि मयतांत रेकॉर्डरवर आवाज भरायला लागलो, आणि कॉम्प्युटर आले तेव्हा हळूहळू फिल्म जोडायलाही शिकलो. कॅमेरा माझ्या जोडीदाराचा, बोनिंगचा, आवाज आणि जोडकाम माझं. आमच्याकडे लग्नाची फिल्म त्याच दिवशी दाखवायची पद्धत आहे. पाहुणे जेवून गोडाला हात घालतात तोवर सकाळचं लग्न पडद्यावर यायला हवं. त्यामुळे चाळीस वर्षांत मी लग्नात गरम जेवलेलो नाही.

ते काम मी आता करत नाही. त्या दिवसानंतर केलेलंच नाही.

२

लग्न जेनेवीचं होतं. जेनेवी माझी मानलेली मुलगी, चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी मीच तिला हातात धरलं होतं. तिचा बाप लवकर गेला. तिची आई, नांग पाझ, म्हणजे पाझताई, बाजारात सुकी मासळी विकायची, आणि पोर दुपारभर माझ्याकडे. मला मूलबाळ नाही. तिचं पहिलं भाषण, तिचं शाळेतलं नाटक, तिचा अठरावा वाढदिवस, सगळ्याचा आवाज मी भरलेला आहे. लहानपणी ती किती बोबडी होती हे तिच्या आईला आता आठवत नाही. माझ्याकडे ते आहे.

नवरामुलगा रेनांते, समोरच्या गिमारास बेटावरचा. बोटीवर इंजिनात काम करायचा. चार वर्षं दोघांचं ठरलेलं होतं, आणि दोनदा तारीख पुढे गेली होती. तो मला आवडायचा. दर वेळी बेटावरून येताना आंबे आणायचा आणि आंबे मोजून न देता पिशवीच ठेवून जायचा.

सकाळी सातला मी त्याच्या खोलीत गेलो. आमच्याकडे नवरामुलगा बारोंग घालतो, अननसाच्या तंतूंचा पातळ, ताठ सदरा. दिसतो सुंदर, पण आवाजवाल्या माणसाचा तो वैरी. जरा हात हलला की चुरचुरतो, श्वास घेतला तरी चुरचुरतो, आणि छातीवर माइक लावला की लग्नाच्या शपथेऐवजी कोणीतरी पापड मोडतंय असं ऐकू येतं. म्हणून मी आधी गंजीफ्रॉकवर चिकटपट्टी लावतो, तिच्यावर माइक, वरून पुन्हा पट्टी. काड्यापेटीएवढा रेकॉर्डर पँटच्या खिशात. तो एकदा सुरू केला की मी काढून घेईपर्यंत भरतच राहतो.

"गुदगुल्या होतात का रे?" मी विचारलं.

"नाही निनोंग, लावा निवांत," तो म्हणाला. मानलेल्या बापाला आम्ही निनोंग म्हणतो. जेनेवीचा मी निनोंग, म्हणून त्याचाही.

"हात वर कर. आता खाली. वाक जरा."

त्यानं सगळं केलं. मी रेकॉर्डरला हेडफोन लावून ऐकत होतो. काहीच चुरचुरलं नाही. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं झगडून आज एकदाची पट्टी बरोबर बसली असं मनात आलं, आणि मी बोनिंगला हाक मारली.

"ऐक. आहे का काही आवाज?"

बोनिंगनं एक कान लावला. "नोंग, हा माणूस आहे की उशी? श्वाससुद्धा ऐकू येत नाही."

"लग्नाच्या दिवशी कोणाला श्वास येतो?" रेनांते म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

३

गिंबालचं चर्च पिवळ्या दगडाचं आहे. कोणतीही जागा असो, माणसं यायच्या आधी तिथली शांतता मी अर्धं मिनिट भरून घेतो. जोडकाम करताना दोन वाक्यांच्या मध्ये फट पडते, तिथे ती शांतता घालायची, नाहीतर ऐकणाऱ्याला भोक पडल्यासारखं वाटतं. लोकांना वाटतं शांतता सगळीकडे सारखीच. तसं नसतं. डोळे बांधून मला कुठे नेलं तर ती दगडी जागा आहे की लाकडी, मोठी की लहान, भरलेली की रिकामी, हे मी सांगू शकेन. टाळी वाजवायची आणि मागे काय उरतं ते ऐकायचं.

टाळी मी तशीही वाजवतो. काम सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एकच, मोठी. मग नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकाखाली एक ठेवली की ओठ आणि शब्द जुळतात. त्या दिवशीही वाजवली. रेनांतेच्या समोर उभा राहूनच वाजवली.

लग्न नीट झालं. फादरनी विचारलं, त्यानं "हो" म्हटलं, तिनं "हो" म्हटलं. मग तेरा नाण्यांचा विधी. नवरा आपल्या ओंजळीतली नाणी नवरीच्या ओंजळीत ओततो. त्यानं ओतली. नांग पाझ पहिल्या बाकावर तोंडात रुमाल धरून बसली होती, रडायचं नाही असं तिनं जेनेवीला वचन दिलं होतं. मी खांबाआड उभा राहून हे बघत होतो आणि मलाही हुंदका आला, पण मला सवय आहे, मी नाकानं श्वास न घेता रडतो. जवळ माइक असतो.

४

चर्चहून हॉलपर्यंत नवरानवरी सजवलेल्या मोटारीतून आली. हॉलच्या पायरीवरच मी रेनांतेच्या खिशातून रेकॉर्डर काढला, सदऱ्याच्या आतून तार ओढून घेतली.

"आवाज नीट आला का, निनोंग?" त्यानं विचारलं.

"बघतो आता. येईलच."

"गाडीतलं पण आलं असेल ना?"

"आलं असेल. पण ते कोण ऐकतंय? नवराबायकोचं बोलणं मी कापून टाकतो. इतक्या वर्षांत कोणाचं ऐकलेलं नाही."

तो काही वेळ माझ्याकडे बघत राहिला. वाईट नजरेनं नाही. एखाद्याला काही सांगायचं असतं आणि तो सांगत नाही, तसं. मग म्हणाला, "ऐका तुम्ही. तुम्ही ऐकलंत तर चालेल."

मला वाटलं, आत्ताच लग्न झालेला माणूस, मन भरून आलंय.

५

खोलीत एक टेबल होतं, एक पंखा होता. पंखा मी बंद केला, कारण मला पंख्याचा आवाज सहन होत नाही. बोनिंगनं कॅमेऱ्यातली सकाळची कार्डं आणून दिली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. दोनला फिल्म दाखवायची, आणि चारला समुद्राकाठी होडी लागणार होती; ती दोघं तिच्यातून बेटावर, रेनांतेच्या घरी जाणार होती. जाऊन तिथेच राहायचं होतं.

टाळी टाळीखाली ठेवली. चित्र चालू केलं. रेनांतेचे ओठ हलले आणि तो "हो" म्हणाला.

मी थांबवलं. पुन्हा ऐकलं.

शब्द होता, आवाज त्याचाच होता. पण त्याच्यामागे जे उरलं ते चर्चचं नव्हतं. दगडी चर्चमध्ये शब्द वर जातो आणि मऊ होऊन पसरतो. हा शब्द पुढे जाऊन कशावर तरी आपटला, परत आला, बाजूला आपटला, परत आला. लोखंड. आणि त्या दिवशी चर्चमध्ये खच्चून माणसं होती, तेव्हा इतकं घुमायला जागाच नव्हती. ही जागा रिकामी होती.

लगेच जेनेवीचं "हो" आलं. तोच माइक, तोच क्षण, दीड हाताचं अंतर. तिच्या शब्दामागे चर्च होतं, माणसं होती, कोणाचंतरी बाळ कुरकुरत होतं, सगळं जिथल्या तिथे.

मी घाबरलो नाही. अशा वेळी मी घाबरत नाही, चूक शोधतो. आवाजात घुमारा घालायचं एक बटण असतं, ते चुकून दाबलं गेलं असेल. नव्हतं. चर्चचे भोंगे माइकमध्ये शिरले असतील. मग दोघांच्याही शब्दांत शिरले असते. तार कुठे दाबली गेली असेल. तार दाबली तर आवाज तुटतो, दुसऱ्या खोलीत जात नाही. फाइल दुसऱ्या रेकॉर्डरवर उघडली, हेडफोन बदलले. तेच.

मग नाण्यांचा विधी लावला. चित्रात रेनांतेच्या ओंजळीतून नाणी घसरत होती. माइक त्याच्या छातीवर, नाण्यांपासून वीतभर. नाणी त्याच्या हातात एकमेकांवर घासत होती तेव्हा काही ऐकू आलं नाही. ती जेनेवीच्या हातात पडली तेव्हा वाजायला लागली.

६

बोनिंग पॅन्सितची ताटली घेऊन आला. शेवया आणि वर लिंबाची फोड.

"खा नोंग. तुमचा चेहरा सुक्या बांगड्यासारखा दिसतोय."

"बोनिंग, हे ऐक. रेनांतेचं 'हो'."

त्यानं ऐकलं. तो तसा कॅमेऱ्याचा माणूस, कान जाड. "छान आहे. भारदस्त आहे. जरा घुमतंय, पण लोकांना आवडतं. सिनेमासारखं वाटतं."

"आता तिचं ऐक."

त्यानं तेही ऐकलं. मग हेडफोन काढले, तारेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माइक बिघडलाय."

"एकाच माइकमध्ये दोघं आहेत."

"मग तुमचं वय झालंय," तो म्हणाला, पण हसला नाही. लिंबाची फोड ताटलीत इकडून तिकडे सरकवत बसला. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "त्याच्या बोटीवर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. गावाला सगळं माहीत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. बोटीच्या पोटात पाण्याच्या मोठ्या लोखंडी टाक्या असतात. एक टाकी साफ करायला सहा जण उतरले. आत हवा खराब होती. एकटा रेनांते वर आला. म्हणूनच तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली होती.

"असं काहीतरी बघून आलेला माणूस," बोनिंग म्हणाला, "त्याचा आवाज बदलत असेल, नोंग. डॉक्टर सांगतील तुम्हाला."

"माणसाचा आवाज बदलतो. खोली बदलत नाही."

"मग मला सांगू नका," तो म्हणाला आणि कॅमेरा उचलून केक कापायचं चित्र घ्यायला गेला. ताटली तशीच राहिली.

७

जे मी कधी केलं नव्हतं ते केलं. मोटारीतलं ऐकलं.

आधी दार बंद झाल्याचा आवाज. जड, कोरडा, मोटारीचा असतो तसाच. मग गाउनची सळसळ, आणि जेनेवी.

"थकलास?"

"नाही," रेनांते म्हणाला. त्याच्यामागे ते लोखंड घुमलं.

"आई रडली बघितलंस? मला वचन दिलं होतं तिनं."

"रडणारच ना."

"सँडल काढू का? टाचा सोलल्यात. कोणी बघत नाही ना?"

"काढ."

तिचा प्रत्येक शब्द कापसात ठेवल्यासारखा कोरडा, बंद मोटारीत यायला हवा तसा. त्याचा प्रत्येक शब्द त्या मोठ्या रिकाम्या जागेत. जणू दोन माणसं दोन गावांतून फोनवर बोलत होती. पण सँडल काढताना तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला असावा, कारण तिचा श्वास माइकच्या अगदी जवळ आला. तिचाच श्वास. त्याचा नव्हता. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत शोधलं, एकदाही नव्हता. कापड नाही, गिळणं नाही, काळजाचा ठोका नाही. छातीवर लावलेल्या माइकला छातीच मिळाली नव्हती.

मग दोघं गप्प झाली. तेव्हाच तो थेंब पडला. मी मोजलं, चारपर्यंत.

थेंबानंतर ठोके आले. कोणीतरी लोखंडावर ठोकत होतं, हळू, मुठीनं नाही, कसल्या तरी कठीण वस्तूनं. तीन. थांबून दोन. पुन्हा तीन, थांबून दोन. दूर नव्हते. त्यात घाई नव्हती. आता कोणी उघडेल असं ज्याला वाटत नाही आणि तरी जो ठोकत राहतो, तसं ठोकणं.

जेनेवी गुणगुणायला लागली. बरीच मोठ्यानं. मी मनाशी म्हटलं, पोर आनंदात आहे.

गुणगुणणं संपल्यावर तो म्हणाला, "होडी चारला ना?"

"चारला," ती म्हणाली.

मी तो शब्द पुन्हा लावला. मग पुन्हा. किती वेळा ते आठवत नाही. कान थकले की खोटं ऐकतात, म्हणून मी हेडफोन काढून दोन मिनिटं भिंतीला टेकून बसलो, पाणी प्यालो, आणि एकदाच, शेवटचं म्हणून, लावला.

त्या शब्दाच्या शेवटी लोखंड होतं. थोडंसं. चार मोजण्याइतकं नाही. एक मोजेपर्यंत.

८

मी हॉलमध्ये गेलो. डुकराचं भाजलेलं कातडं मोडल्याचे आवाज, चमचे, पोरं, माइकवरून कोणीतरी नवरानवरीला चिडवत होतं. मुख्य टेबलाजवळ जाऊन रेनांतेच्या पाठीमागे उभा राहिलो. तो जेनेवीच्या मावशीशी बोलत होता. मी डोळे मिटले. कानांना तो नीट ऐकू येत होता. साधा, थोडा बसका, माणसाचा आवाज, हॉलमधलाच. कानांना काही कळत नव्हतं. फक्त माइकला कळत होतं.

डोळे उघडले तेव्हा तो बोलायचा थांबला होता आणि मान वळवून माझ्याकडे बघत होता. त्याच्या ताटातलं अन्न जसंच्या तसं होतं. पण नवरामुलगा कुठे पोटभर जेवतो?

दोनला फिल्म दाखवली. शपथेसाठी मी त्याच्या माइकचा आवाज घेतला नाही. बोनिंगच्या कॅमेऱ्यावरचा घेतला, तीस हातांवरून आलेला, त्यात सगळंच चर्चमध्ये विरघळून जातं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नांग पाझ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "नोंग, माझ्या पोरीला तुम्ही किती सुंदर करून टाकलंत." मी तिला काय सांगणार होतो? जावयाचा आवाज दुसऱ्या खोलीतून येतो म्हणून लग्न मोडायचं असतं, असं कोणत्या फादरनं सांगितलंय? मी चौथी शिकलेला माणूस. मला शब्द जमत नाहीत. मला फक्त ऐकवता येतं.

म्हणून तिला ऐकवायचं ठरवलं. तिनं एकदा ऐकलं की मी म्हणणार होतो, आजच्या दिवस राहा. आईकडे राहा, वारा आहे, होडी उद्या नेऊ. एक रात्र मिळाली असती तर पुढचं बघता आलं असतं.

९

साडेतीनला ती स्वतःच आली. गाउन दोन्ही हातांनी उचललेला, पायात काही नाही, टाचांना पट्ट्या लावलेल्या.

"निनोंग, तुम्ही जेवला नाहीत. आई शोधतेय तुम्हाला. आणि आम्ही निघतोय."

"दोन मिनिटं बस, इंदाय." मी तिला लहानपणापासून इंदाय म्हणतो, 'ए पोरी' म्हणतात तसं. "एक ऐकायचंय तुला."

"चुकलं का काही? मी 'हो' म्हणताना अडखळले ना? बोनिंग मघाशी चिडवत होता."

"नाही. तू छान म्हणालीस."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. केसांतली फुलं हलू नयेत म्हणून मी हेडफोन हळूच मानेमागून घातले. आणि मोटारीतलं सुरुवातीपासून लावलं. मला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. मी पडद्यावरची रेघ बघत होतो आणि तिचा चेहरा बघत होतो. रेघेवरून कळत होतं कुठे कोण बोलतंय. तिनं स्वतःचं सँडलचं बोलणं ऐकलं आणि जराशी हसली. मग त्याचा आवाज आला. हसू तसंच राहिलं, फक्त त्यातली ती निघून गेली.

रेघ सपाट झाली. गप्प बसलेली जागा. पुढे ठोके होते. मला ठाऊक होतं ते कुठे आहेत, रेघेवर त्यांची टोकं दिसत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, घाबरू नये म्हणून.

तिचा उजवा हात टेबलावर होता. ठोक्याचं पहिलं टोक यायला अजून केसभर अंतर होतं, तेव्हा तिचं बोट लाकडावर पडलं. तीन वेळा. मग थांबलं. मग दोनदा. आणि प्रत्येक वेळी बोट आधी, ठोका नंतर.

मी हात काढून घेतला.

"इंदाय," मी म्हणालो. हेडफोनमधून तिला ते ऐकू गेलं असेल नसेल. "कधीपासून?"

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "चारला" पण ऐकलं. तिथे तिनं डोळे मिटले, जरा जास्त वेळ. मग हेडफोन काढून, तार नीट गुंडाळून टेबलावर ठेवली.

"आज राहा," मी म्हणालो. "मी सांगतो सगळ्यांना. फिल्म बिघडली, पुन्हा काढायचीय, काहीही सांगतो. तू काही करू नकोस, फक्त राहा."

ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत भीती नव्हती. भीती असती तर मी तिला उचलून नेलं असतं, त्या वयातही.

माझ्यापुढे रेकॉर्डर होता. मी तो सुरू केला. लाल दिवा लागला. हेडफोन माझ्या कानाला लावले आणि छोटा माइक तिच्या ओठांजवळ धरला. माझ्या बोटांचं तारेवरचं घासणं मला कानात ऐकू येत होतं. खोली ऐकू येत होती, ताटं, खुर्च्या, बाहेरचं गाणं.

"एक शब्द बोल," मी म्हणालो. "तुझं नाव सांग. मला एकदा ऐकू दे फक्त."

तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. दोन बोटांनी माइक माझ्या हातासकट हळूच बाजूला केला, जसा एखाद्याच्या गालावरचा केस बाजूला करतात, आणि वाकून माझ्या कपाळावर ओठ टेकवले.

दाराबाहेर ऊन होतं, आणि उन्हात रेनांते तिची सँडल हातात घेऊन उभा होता. तिनं गाउन उचलला आणि त्याच्याकडे चालत गेली.